हिंगूळ

बेंदराच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदेमळण असायची. बैल धुऊन गोठ्यापुढं आणले की माझे वडील, आण्णा, वाटीत लोणी आणि हळद कालवून घ्यायचे आणि दोन्ही बैलांचे खांदे मळायला लागायचे. त्या कामात घाई नसायची. अंगठा दाबत दाबत हात वशिंडापर्यंत जायचा, परत खाली यायचा आणि मध्येच एखाद्या जागी थांबायचा. "हितं हात लाव," ते म्हणायचे. मी हात लावायचो. कातड्याखाली सुपारीएवढी गाठ लागायची. मग त्या बैलाच्या खांद्यावर आठ दिवस जू पडायचं नाही. वर्षभर डोळ्यांतून निसटलेलं त्या लोण्याच्या हाताला सापडायचं.

दुसऱ्या दिवशी शिंगं. काचेच्या तुकड्यानं ती साळून घ्यायची, खालचा गुळगुळीत थर दिसू लागला की चिंधीनं पुसायची आणि मग हिंगूळ लावायचा. हिंगूळ हे खरं म्हणजे पारा आणि गंधकाचं लाल खनिज. माझ्या लहानपणी त्याचं नुसतं नाव उरलं होतं. वेळापूरच्या बाजारातून यायचा तो साधा ऑइल पेंट. पण डबा कुठलाही असो, घरात त्याला हिंगूळच म्हणत. बाभळीच्या काडीचं टोक ठेचून कुंचला करायचा आणि मुळाकडून टोकाकडं, एकाच दिशेनं ओढत न्यायचा. शिंगाच्या मुळाशी आण्णा दोनदा हात फिरवायचे. तिथला रंग सगळ्यात आधी जातो, एवढंच सांगायचे.

का जातो, ते मला सुगीत कळलं. आमच्या भागात नीरेच्या उजव्या कालव्याचं पाणी आहे, त्यामुळं ऊस आहे. रानातून सडकेला लागायचं तर वाटेत ओढा होता, आणि ओढ्यात उतरायला चांगलाच उतार. चढाला बैल खांद्यानं ओढतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. उताराला उलटं होतं. भरलेली गाडीच बैलांना ढकलायला लागते. जू खांद्यावरून पुढं सरकतं, शिंगांच्या मुळाशी जाऊन अडतं, आणि दोन्ही बैल मागचे पाय रोवून, मान वर काढून तो सगळा भार मागं रेटत एकेक पाऊल उतरतात. आण्णा कासरा आखडून पुढं, आणि मी चाकाशेजारून हातात दगड घेऊन, गाडी थांबली की चाकाला लावायला. त्या उतारावर बैलांच्या नाकांतून येणारा आवाज मला अजून ऐकू येतो. गाडी ओढणारे तेच होते आणि गाडी थोपवणारेही तेच. शिंगाच्या मुळाशी रंग टिकत नव्हता तो यामुळं.

1994 साली ट्रॅक्टर आला आणि त्याच वर्षी बैल गेले. त्याबद्दल जास्त लिहवत नाही. पुढच्या बेंदराला आईनं कुंभाराकडून मातीची जोडी आणली, देवळीपुढं पाटावर ठेवली आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. आण्णा त्या दिवशी रानात निघून गेले. रंगाचा डबा गोठ्याच्या वळचणीला तसाच राहिला आणि आतला रंग वाळून त्याचं ढेकूळ झालं.

पुढं मी नोकरीला लागलो आणि 2012 साली जुनी स्विफ्ट घेतली. ब्रेक म्हणजे पायाखालची एक पट्टी, इतकीच माझी समज होती. ती समज दिवे घाटात मोडली. सासवड सोडून आम्ही पुण्याकडं उतरत होतो. मागं आई, बायको आणि मांडीवर लेक. मी उतारभर ब्रेकवर पाय ठेवूनच होतो. तिसऱ्या-चौथ्या वळणाला पाय नेहमीपेक्षा खोल गेला. पुन्हा दाबला, आणखी खोल. कापसात पाय घातल्यासारखं वाटलं. गिअर खाली टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूला गाडी लागली. पुढच्या चाकांतून जळकट वास येत होता. आईनं काही विचारलं नाही. तिनं लेकीला उचललं, खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेचा एक दगड आणून चाकाला लावला.

पुण्यात एका मिस्त्रींनी सांगितलं की ब्रेक ऑइल कित्येक वर्षांत बदललेलंच नाही. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट 3 जातीचं कोरं तेल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पाणी मुरलं की हीच मर्यादा 140 पर्यंत खाली येऊ शकते. घाटात सतत ब्रेक दाबला की उष्णता तेलापर्यंत पोचते, तेलात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय कापसात जातो. चूक माझी होती, पूर्णपणे माझी. बैलाचा खांदा दरवर्षी चाचपणाऱ्या माणसाचा मुलगा मी, आणि चार वर्षांत एकदाही चाकाच्या आत वाकून पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून मी पाहायला लागलो. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी ती डिस्क, आणि तिला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन बसलेला जबडा तो कॅलिपर. कल्पना जुनी आहे. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरनं 1902 साली तिचं पेटंट घेतलं. त्याचे पॅड तांब्याचे होते आणि धुळीच्या रस्त्यांवर ते लवकर झिजत. 1953 साली ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार पहिली आली आणि मग जगाला त्यांची खात्री पटली. शर्यतीत सगळ्यात जोरात पळणारी गाडी जिंकते असं आपल्याला वाटतं. तिथं जिंकली ती गाडी वळणाच्या तोंडाशी इतरांपेक्षा उशिरा ब्रेक मारू शकत होती.

लाल कॅलिपर मी पहिल्यांदा पाहिला तो पुतण्यानं दाखवला तेव्हा. तो चाकणला नोकरीला आहे. इटलीत बर्गामोजवळ 1961 साली सुरू झालेल्या ब्रेम्बो या ब्रेकच्या कंपनीचं नाव घेताना त्याचा चेहरा तसाच होतो, जसा आमच्या आण्णांचा खिल्लारी बैलाचं नाव घेताना होतो. गेल्या आषाढात तो माउलींच्या पालखीला घरी आला आणि येताना लाल रंगाची छोटी डबी घेऊन आला. "काका, कॅलिपरचा रंग. उष्णतेला टिकतो. ब्रशनं लावायचा." मग माझ्या गाडीकडं पाहून म्हणाला, "पण व्हीलकॅपखाली दिसणार नाही. आधी अलॉय घ्या."

पालखी गावात होती तोवर गाडीला हात लावायचा प्रश्नच नव्हता. वेळापूरच्या अलीकडच्या उतारावर धावा होतो. तुकोबांना तिथून विठ्ठलाच्या देवळाचं शिखर दिसलं आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. म्हणून सगळी वारी तो उतार पळत उतरते. म्हातारी माणसं, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया, पताका खांद्यावर घेतलेली पोरं. त्या उतारावर कुणाला थांबायचं नसतं. मी दरवर्षी तिथं जातो आणि दरवर्षी माझेही पाय सुटतात. पण तोच रस्ता आता चौपदरी पालखी मार्ग आहे, राष्ट्रीय महामार्ग 965, आणि वर्षाचे उरलेले दिवस त्यावरून गाड्या सुसाट जातात. वेग चाळीसचा ऐंशी झाला की थोपवायची ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. ही चौपट ऊर्जा उष्णता होऊन बहुतेक करून पुढच्या दोन तबकड्यांत आणि त्यांच्या जबड्यांत जाते. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर समोरून आले की मला हा हिशोब आठवतो.

एकादशी झाली. द्वादशीला उपास सोडला आणि सकाळीच अंगणात, शहाबादी फरशीवर, गाडी घेतली. आण्णा ओट्यावर खुर्चीत होते. त्यांनी आता ऐंशी पार केली आहे. मी जॅक लावतोय म्हटल्यावर ते बसल्या जागेवरूनच म्हणाले, "मागं दगड लाव आधी." लावले. जॅकच्या भरवशावर राहायचं नाही म्हणून फिटरकडून मागून आणलेला लोखंडी स्टँडही खाली सरकवला आणि चाक काढलं.

आत गंज, पॅडची काळी भुकटी आणि वर्षानुवर्षांचा वाळलेला चिखल. भुकटी फुंकायची नाही, नाकात जाते. ओल्या फडक्यानं काढायची. मग तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर. तास-दीड तास एका जबड्यापुढं बसलो. बिडाचा खडबडीत अंगठा असावा तसा तो दिसत होता, आणि हळूहळू त्याचे सांधे दिसायला लागले. आत एक पिस्टन असतो आणि त्याच्याभोवती रबराची रिंग. ब्रेक दाबला की पिस्टन पुढं जाताना ती रिंग किंचित पिळवटते. पाय उचलला की ती मूळ आकाराला येते आणि येताना पिस्टनला केसभर मागं ओढून घेते. स्प्रिंग नाही, काही नाही, नुसता रबराचा पीळ. हे कळल्यावर मी किती तरी वेळ त्या जबड्याकडं पाहत राहिलो.

आणि तसंच पाहता पाहता कॅलिपरच्या खिडकीतून दोन पॅड दिसले. बाहेरचा जाड होता, आतला झिजून पत्र्याला टेकायला आलेला. हा जबडा दोन पिनांवर मागंपुढं सरकतो, तेव्हाच दोन्ही पॅड सारखे दाबतात. खालच्या पिनेचं रबरी टोपण फाटलं होतं आणि आत मातीचं लिंपण झालं होतं. जबडा अडकला होता. सगळा भार एकाच पॅडवर. मी तिथं बोट ठेवलं आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आण्णा, हितं गाठ आहे."

ते काठी टेकत उतरले, वाकून पाहू लागले. मी पायाची पट्टी, तेल, पिस्टन, तबकडी असं सगळं सांगितलं. त्यांनी अर्धंच ऐकलं असावं. मग जबड्यावर अंगठा फिरवत म्हणाले, "मंजी उताराला जू जितं आडतंय, ते हे." आणि जरा थांबून, "तिथला बैल दुखावला तर गाडी पलटी हुती."

फिटरला बोलावलं. हे काम माझं नव्हे. ब्रेकच्या नटबोल्टावर हौशी हात चालवू नये. त्यानं पिना काढल्या, धुतल्या, त्यांचं वेगळं ग्रीस भरलं, टोपणं नवी घातली, दोन्ही चाकांचे पॅड बदलले. तेलही बदललं. माझ्या वाट्याला रंग उरला.

त्रयोदशीला तो लावला. आमचा माळशिरस तालुका पर्जन्यछायेतला, आषाढातही ढग बहुधा नुसते सरकत जातात. त्या दिवशी चांगलं कोरडं ऊन होतं. डिस्कला वर्तमानपत्र गुंडाळलं. हवा काढायचं निप्पल, रबरं, पिना, पॅडची खिडकी यांवर टेप चिकटवली, कारण तिथं रंग गेला तर जबडा पुन्हा अडकेल. सांडलेलं ब्रेक ऑइल रंग खाऊन टाकतं, म्हणून क्लीनरनं सगळं परत पुसलं. पहिला हात पातळ. लोखंड खालून दिसतं आणि मन खट्टू होतं, पण जाड लावायचा मोह आवरायचा. जाड थर ओघळतो आणि पुढं तापून सुटतो. वाळू दिला, दुसरा हात. ब्रश ओतीव लोखंडाच्या खळग्यांत शिरत होता आणि मला एकाएकी बैलाच्या कानाचा उबदारपणा मनगटाला लागल्यासारखा वाटला. शिंग रंगवताना मनगट नेहमी तिथं टेकायचं.

चार चाकांपैकी रंगवायचे जबडे दोनच, कारण स्विफ्टला मागं ड्रम आहेत. एक जोडी. चाकं चढवली, वर प्लास्टिकच्या कॅपा बसवल्या, आणि पुतण्या म्हणाला तसंच झालं. कॅपेच्या फटींतून वाकून पाहिलं तरच लाल दिसतं. मला तेवढं पुरे आहे.

बेंदराच्या सकाळी आईनं पाटावर मातीची जोडी मांडली. डबीत बोटभर रंग उरला होता. लेकीनं तो मागितला आणि ब्रश घेऊन पाटापुढं मांडी घालून बसली. पहिलं शिंग टोकाकडून सुरू केलं. आण्णा मागं उभे होते. बरीच वर्षं ते बेंदराला पाटाशी थांबलेले नव्हते.

"मुळाकडनं ओढ," ते म्हणाले. "आन् मुळाशी दोनदा फिरव. तिथला आधी जातो."