‘पाणी’ आणि ‘पानी’

किनवट हे पैनगंगेच्या काठचे गाव. येथे मराठीबरोबर गोंडी, कोलामी, गोरमाटी आणि तेलुगू या भाषाही कानांवर पडतात. अनेकांच्या बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. माझा मुलगा याच बोलीत वाढला. दहावीनंतर, इकडच्या अनेक मुलांप्रमाणे, तो शिकवणीसाठी लातूरला गेला व वसतिगृहात राहू लागला.

पहिल्याच आठवड्यात त्याने जेवताना ‘पानी’ मागितले आणि तेच त्याचे नाव झाले. वर्गात तो उत्तर द्यायला उठला, की मागून कोणीतरी तो शब्द उच्चारी व हशा पिके. त्याने हे मला फोनवर संकोचत सांगितले. कोणतीही बोली अशुद्ध नसते, हे वर्षानुवर्षे शिकवीत आलेला मी, त्याला म्हणालो, “मग नीट बोलायला शीक. हसायला संधीच देऊ नकोस.”

त्यानंतर ‘जेवलो’, ‘बरा आहे’ एवढ्यावरच त्याचे बोलणे संपू लागले. चाचणीतील गुण घसरले, तेव्हाही मी अभ्यासाचीच चौकशी केली. दिवाळीच्या सुटीत तो जुन्या मित्रांकडेही फिरकला नाही. एके रात्री आईने जवळ बसवून विचारले, तेव्हा तो माझ्याकडे पाहून म्हणाला, “बाबा, तुम्ही पण त्यांचंच खरं केलं.”

संस्कृत ‘पानीय’मध्ये ‘न’च आहे, प्राकृतात त्याचा ‘ण’ झाला आणि त्यातून मराठी ‘पाणी’ आले. वर्गात मी हे कितीदा सांगितले होते! मुलाला मात्र ही व्युत्पत्तीही नको होती. ‘चूक तुझी नाही’ एवढेच त्याला माझ्याकडून ऐकायचे होते. ते मी त्या रात्री म्हणालो. पुढे त्याच्यासोबत जाऊन वसतिगृहाच्या अधीक्षकांनाही भेटलो.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण पालक आहेत. समवयस्कांच्या टवाळीने दुखावलेले मूल घरी ती गोष्ट सांगते, तेव्हा ते आपली बाजू कोण घेतो, हे पाहत असते. उपदेश मिळाला, तर पुन्हा सांगण्याचे ते टाळते. मुलाचा अबोला लांबला, झोप किंवा भूक उडाली, तर समुपदेशकाची मदत घेण्यात कमीपणा नाही. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर ती विनामूल्य मिळते.

चिडवणे लगेच थांबले नाही. पण आता तो रात्री फोन करतो आणि दिवसभरात काय घडले ते सांगतो. मी मध्येच त्याचे उच्चार सुधारीत नाही.