झाशीचा मे महिना आणि काचेतले शिकारी

मे महिन्यात झाशीचा पारा ४५ अंशांकडे सरकतो आणि हौसेने पाळलेले ऑस्कर, गार यांसारखे मोठे शिकारी मासे एकामागून एक दगावू लागतात. पाळणारा बहुधा रोगाचा संशय घेऊन टाकीत औषध ओततो. तपास मात्र पाण्यापासून सुरू व्हावा. २० अंशांच्या गोड्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.६, माशाची गरज त्याच वेळी वाढलेली असते. परंतु गारला वाताशयाच्या आधारे हवेतूनही श्वास घेता येतो. ऑस्करबरोबर तोही मेला, तर केवळ प्राणवायूला दोष देऊन भागत नाही.

मांसाहारी माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडतो. चाचणीसंच त्याचे एकूण प्रमाण दाखवतो. घातक असतो तो त्यातला विद्युतभाररहित अंश. २५ अंश व सामू ७ असताना हा अंश सुमारे ०.६ टक्के, तर ३० अंश व सामू ८ असताना सुमारे ७.५ टक्के. चाचणीचा रंग तोच, विष बारापट! थंड सकाळच्या चाचणीवर विसंबणे हा निव्वळ भाबडेपणा. खाद्य थांबवून पाणी बदलणे हाच तातडीचा उपाय. तत्पूर्वी नव्या पाण्याचा सामू मोजावा. तो बराच जास्त असेल, तर उरलेला मासा उपायानेच मरेल.