सोपाऱ्याहून कार्ल्याला



आमचे घर नालासोपाऱ्याला, दीड खोलीचे. संध्याकाळी विरार गाडीला लोंबकळत यायचे, जेवणे उरकायची, आणि अंथरुणे पडेपर्यंत साडेदहा वाजतात. दिवा घालवण्यापूर्वी अर्धा तास एकाने मोठ्याने वाचायचे व बाकीच्यांनी पडल्या पडल्या ऐकायचे, हा रिवाज आमच्याकडे मुले लहान होती तेव्हापासून आहे. आता थोरली वीस वर्षांची झाली, धाकटा नववीत गेला, तरी तो चालू आहे. जागाच इतकी थोडी की एकाने वाचलेले दुसऱ्याला ऐकावेच लागते!

२०२४ च्या पावसाळ्यात मी एक जरा जड पुस्तक घेतले होते. जेम्स बर्जेस यांनी बौद्ध लेणी व त्यांतील शिलालेख यांवर लिहिलेला १८८३ सालचा अहवाल. एका स्नेह्याकडून झेरॉक्स मिळाली. इंग्रजी जुन्या वळणाचे, माझे शिक्षण बी. कॉम., तेव्हा शब्दकोश उशाशी घेऊन रोज एखादे पान मराठीत सांगायचे. मला वाटले होते मुले झोपतील. पण कार्ल्याच्या लेण्यातील दानलेख सुरू झाले आणि ती ऐकू लागली. डोंगर कोरायला पैसा कोणी दिला, कोणी हात लावला, ते तिथे दगडावरच लिहून ठेवले आहे. सिंहदत्त नावाचा एक अत्तरविक्या. सामी नावाचा सुतार, वेणुवासाचा मुलगा. धेनुकाकट गावचे अनेक लोक, त्यांत यवनही. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा, भूतपाल नावाचा श्रेष्ठी. आणि मग एका खांबावरचे नाव आले. सातिमित्र, राहणार सोपारक.

“पप्पा, सोपारक म्हणजे आपला सोपारा?” धाकटा उठून बसला.

आपलाच. इथला स्तूप आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला, तेव्हा आत अवशेषांचा करंडक व भोवती बुद्धांच्या आठ लहान मूर्ती निघाल्या. त्याच साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथे मिळाला, नवव्याचा १९५६ साली जवळच भुईगावला. हा सातिमित्र भाणक होता. भाणक म्हणजे धम्मवचने मुखोद्गत करून लोकांना म्हणून दाखवणारा. त्याने कार्ल्याला धातूंसह स्तंभ दान दिला असे लेख सांगतो. तो खाडीने गेला की घाटाने, हे मात्र त्याने लिहिलेले नाही.

थोरली भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचे कारण सांगायला हवे. जून २०२४ मध्ये तिची पोलीस भरतीची मैदानी चाचणी झाली. मुलींना आठशे मीटर धावायचे असते. गोळाफेक चांगली गेली, पण धावताना शेवटच्या दोनशे मीटरला श्वास सुटला आणि गुण कमी पडले. लेखी परीक्षेपर्यंत नंबर लागला नाही. घरी येऊन तिने बूट खाटेखाली सारले ते सारलेच. आळीतील बायका विचारू लागल्या, आता लग्नाचे बघणार का? मी समाजात भाषणे करतो, मुलींना शिकवा म्हणून सांगतो, पण घरातल्या मुलीशी काय बोलावे ते मला तीन महिने सुचले नाही.

त्या रात्री ती एवढेच म्हणाली, “किती लांब आहे ते?”

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी महाराष्ट्राचा नकाशा आणला. एका सेंटिमीटरला दहा किलोमीटर असे त्याचे माप. अंथरुणावर पसरला, सोपाऱ्यावर पट्टी ठेवून कार्ल्याला टेकवली. बरोबर दहा सेंटिमीटर. सरळ रेषेत शंभर किलोमीटर! रेघ घोडबंदर, ठाणे, माथेरान, कर्जत यांच्या आजूबाजूने जाऊन सह्याद्री चढते. मी म्हणालो, तू इथे रोज जितकी धावशील तितकी मी या रेघेवर पुढे सरकवीन. तीन किलोमीटर म्हणजे तीन मिलिमीटर. ज्या दिवशी पेन्सिल कार्ल्याला लागेल, त्यानंतरच्या सुट्टीला आपण सगळे जाऊ. तिने डोळे मिटून घेतले. हो किंवा नाही काहीच नाही. पण दिवाळी झाल्यावर एका पहाटे बूट बाहेर निघालेले दिसले.

अंधारात मुलगी एकटी कशी पाठवायची, म्हणून तिची आई सोबत निघाली. ही धावायची पुढे, ती चालायची मागे. आठशे मीटरचा टप्पा कसा आखला म्हणाल, तर नकाशावर तो एक मिलिमीटरही भरत नाही, शिवाय असल्या मापाच्या नकाशावर आमच्या गल्ल्या नाहीत. शेवटी माझी पावले मोजून दोन विजेचे खांब ठरवले. रोजचा हिशेब मी वहीत मांडू लागलो. तारीख, धाव, बाकी. कारकुनाचा हात, त्याला दुसरे काय येणार? आठ दिवस गेले आणि सौ. भडकली. “माझं चालणं कुठं लिहिता तुम्ही?” खरेच होते. तेव्हापासून तिची वेगळी लाल रेघ सुरू झाली. रोजचे दोन किलोमीटर.

मध्ये सहा डिसेंबरच्या कामात चार-पाच दिवस गेले, मग तापाचे काही. जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात थोरलीची पेन्सिल कार्ल्याला लागली. आईची लाल रेघ माथेरानला पोचली होती.

आता खरे पायी चालण्यासाठी मोठा नकाशा हवा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावरून नाव नोंदवून उतरवून घेता येतात. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर, आणि उंचीच्या रेषा वीस-वीस मीटरला एक. रेषा जिथे दाटीने येतात तिथे छातीवरचा चढ समजावा. गंमत अशी की कार्ला एका नकाशावर, भाजे त्याच्या खालच्यावर आणि बेडसे शेजारच्या तिसऱ्यावर येते. म्हणजे ई ४३ एच ५, ६ आणि १०. तिन्ही झेरॉक्सच्या दुकानात छापून भाताच्या खळीने चिकटवले. एका निवृत्त शिक्षकांनी जुना छापील नकाशाही दिला, त्यात द्रुतगती मार्ग नाही, कारण तो पुरा झाला २००२ साली. रात्री पुस्तक बाजूला राहिले आणि सगळे नकाशावर ओणवे. मळवली स्टेशनपासून कार्ल्यापर्यंत दोरा अंथरला तर अकरा सेंटिमीटरच्या आसपास भरला. म्हणजे पाच-साडेपाच किलोमीटर.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी निघालो. दादरहून पुण्याच्या गाडीने लोणावळा, तिथून लोकलने पुढचेच स्टेशन मळवली. भाकरी, ठेचा, उकडलेली अंडी बरोबर होती. इंद्रायणी ओलांडली, जुना हमरस्ता ओलांडला आणि मग पायऱ्या. तीनशेच्या वर आहेत. एकविरेच्या दर्शनाची गर्दी, नारळवाले, लिंबूसरबतवाले. तिथून चैत्यगृहात पाऊल टाकले की एकदम थंड. सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद. वर छताला लाकडी कमानी, त्या मूळच्याच. धाकट्याला ते पटेना, दोन हजार वर्षे लाकूड कसे टिकेल म्हणून तो वर बघत फिरत राहिला.

थोरलीने ब्राह्मी लिपीतील ‘सोपारक’ हे चार अक्षरांचे नाव कागदावर काढून आणले होते. उजेड थोडा, खांब पुष्कळ, अक्षरे झिजलेली. अर्धा तास झाला तरी काही सापडेना. पहारेकरी येऊन विचारून गेला, काय हरवले आहे का? शेवटी सौ. कागद घेऊन एका खांबापाशी गेली आणि तिथेच थांबली. “हे बघा. हाच ना तुमचा सो?” तांदळातला खडा हेरणारी नजर ती. आम्ही चौघांनी कागद दगडाशेजारी धरून पाहिला. पहिली तीन अक्षरे नक्की जुळत होती. चौथ्यावरून अजून घरात वाद आहे.

तिथून परत मळवली आणि पलीकडे भाजे. द्रुतगती मार्गावरच्या पुलावर थांबून जुन्या नकाशात आपण कुठे उभे आहोत ते शोधले, तर कोऱ्या जागेत उभे होतो. धाकट्याच्या टाचेला फोड आला होता, तो कुरकुरत होता. भाज्याच्या वाटेवर थोरली म्हणाली, घड्याळ धरा. आणि धावली. चढ होता, तिने सकाळपासून दहा किलोमीटरच्या वर पायपीट केली होती, वेळ काही भरतीच्या लायकीचा आला नाही. पण वळणावर मी पोचलो तेव्हा ती दगडावर बसली नव्हती, उभी होती. चौदा स्तूपांचा तो समूह आधी तिनेच पाहिला. भाजे इसवी सनापूर्वीचे, कार्ल्याहूनही जुने. तिथे आम्ही भाकरी सोडली.

बेडसे राहिले. भाज्याहून सरळ रेषेत साडेपाच-सहा किलोमीटर, पण मध्ये विसापूरचा डोंगर आडवा, रेषा अगदी काळ्याभोर झालेल्या. ते कामशेतवरून करावे लागेल. बेडशालाही एक दानलेख आहे. पुष्यणक, आनंद श्रेष्ठीचा मुलगा, नाशिकचा. बेडसे ते नाशिक पट्टीने मोजले तर चौदा सेंटिमीटरच्या वर भरले. थोरलीची पेन्सिल आता त्या रेघेवर आहे. सौ. म्हणते, माझी आधी माथेरानहून कार्ल्याला पोचू द्या, मग नाशिकचे बघा.