पोरांनी सांगायला पाहिजे, तर आपण ओरडायचं थांबलं पाहिजे

आपल्याकडे तिसरी-चौथीतल्या पोराचा पहिला कॉम्प्युटर म्हणजे बापाचा मोबाईल. त्यातच गेम, त्यातच यूपीआय, त्यातच आधारचा फोटो. पोरानं एखादी लिंक दाबली, ओटीपी सांगून टाकला, की महिन्याचा पगार गेलाच समजा.

फसवणुकीच्या बातम्या करताना मला एक गोष्ट सारखी दिसते. पोरगं माराच्या भीतीनं गप्प बसतं. पैसे गेल्यावर १९३० वर जितक्या लवकर फोन कराल, तितकी रक्कम मधेच अडवली जाण्याची शक्यता जास्त. इथं तर अख्खा दिवस लपवण्यात जातो.

म्हणून लेकीला सांगून ठेवलंय, काहीही दाबलं गेलं तरी आधी येऊन सांग, ओरडणार नाही. ओटीपी, फोटो, शाळेचं नाव अनोळखी माणसाला द्यायचं नाही. रविवारी अर्धा तास आम्ही शेजारी बसून स्क्रॅच करतो. ते फुकट आहे. त्यातलं मांजर आपण सूचना दिल्याशिवाय हलत नाही. मग ‘बक्षीस लागलं’ म्हणणारा मेसेजही कुणीतरी मुद्दाम पाठवलेला असतो, हे तिला पटकन कळलं.

मंडळी, महागडा क्लास नंतर लावा. आज जेवताना पोरांना एवढं सांगा, ‘चुकलं तरी सांग.’ आणि दिलेला शब्द पाळा.