पुढच्या वर्षीचं जेवण

नव्या रीफ टँकची, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची, काच पहिल्या काही आठवड्यांत तपकिरी होते. हा डायटमचा थर असतो. बोट फिरवलं तरी निघतो, आणि पाण्यातलं सिलिकेट कमी झालं की बहुतेक वेळा आपोआप ओसरतो. पण तोवर टँकवाल्याचा धीर सुटलेला असतो. तो दुकान गाठतो. तिथे हिशोब तयारच असतो: इतक्या लिटरला इतक्या गोगलगायी, इतके हर्मिट क्रॅब, एक तारामासा, एक कोळंबी. या सगळ्यांना मिळून ‘क्लीनअप क्रू’ म्हणायचं. पिशव्या घरी येतात, थोड्याच दिवसांत काच लख्ख होते, घरातले सगळे खूश. मात्र काच लख्ख झाली म्हणजे त्या प्राण्यांचं जेवण संपलं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. पुढे महिन्या-दोन महिन्यांत त्यातले निम्मे खडकामागे मरून जातात, आणि काच पुन्हा हिरवी झाली की नव्या पिशव्या येतात.

खाऱ्या पाण्याच्या छंदातली ही रीत मला मनापासून खटकते. मी मुंबईत मशरूम, झोआंथिड, लेदर अशा मऊ प्रवाळांची टाकी सांभाळते. नवी टाकी लावणारी मुलं सल्ल्याला येतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “ताई, किती घेऊ?” मी उलट विचारते, की जे घेणार ते काय खातं, कसं खातं, आणि पुढच्या वर्षी त्याला काय मिळणार? लिटरवर हा हिशोब बसत नाही. पाचशे लिटरच्या टाकीत दोन मासे असतील आणि खाणं बेताचं पडत असेल, तर तिथे शेवाळ जेमतेम येतं. शंभर लिटरमध्ये मासे खचाखच असतील तर रान माजतं. प्राणी निवडायचा तो समोर दिसणाऱ्या खाद्यावरून.

काचपेटीत गोगलगाय सोडण्याची कल्पना या छंदाइतकीच जुनी आहे. लंडनमधल्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने १८४९ मध्ये एका काचपात्रात गोड्या पाण्यातले मासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीची पानं कुजून पाणी गढूळ व्हायला लागलं, तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी सडकं खाल्लं, पाणी निवळलं, आणि त्यांची अंडी माशांना खायला मिळाली. १८५० मध्ये त्याने हे केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. मासा आणि वनस्पती एवढ्यावर भागत नाही, मेलेलं खाणारं तिसरं कुणीतरी लागतं, हे अ‍ॅक्वेरियमच्या जन्माच्या वेळीच लिहून ठेवलेलं आहे. पुढे जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपल्या समुद्री टाक्यांची पद्धत प्रसिद्ध केली. समुद्रातून आणलेला जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर त्यांच्या टाक्या चालत. त्या खडकाच्या भोकाभोकांतले किडे, कोपेपॉड आणि जिवाणू हीच तिथली सफाईची फौज होती. आजही खरं काम हे न दिसणारेच करतात. रात्री टॉर्च मारली की खडकातून ब्रिसल वर्म बाहेर आलेले दिसतात. नवखे लोक त्यांना घाबरून चिमट्याने उपटून काढतात. मी त्यांना हात लावत नाही. माशाने टाकलेला घास ज्या फटीत जाऊन पडतो, तिथवर पोचणारं दुसरं कोण आहे?

ट्रोकस गोगलगाय काचेवर चालत असताना बाहेरच्या बाजूने भिंग धरून बघावं. पायाच्या पुढच्या टोकाला तोंड असतं. दोन ओठ उघडतात, आतून एक फिकट पट्टी बाहेर येते, काचेवर टेकते, वर ओढली जाते आणि ओठ मिटतात. लगेच पुन्हा. या पट्टीला रॅड्युला म्हणतात. तिच्यावर बारीक दातांच्या रांगा असतात. पुढचे दात झिजून पडतात आणि मागून नवे सरकत येतात. डोकं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करत ती जाते, त्यामुळे हिरव्या थरावर नागमोडी स्वच्छ रेघ उमटते. इंग्रज निसर्गलेखक फिलिप हेन्री गॉसने १८५४ च्या आपल्या ‘द अ‍ॅक्वेरियम’ या पुस्तकात काचेवर चरणाऱ्या शंखांचं हे काम तन्मयतेने टिपलेलं आहे. जिवंत खडकासोबत कधीकधी कायटन येतो, खडकाला चिकटलेला, पाठीवर आठ खवल्यांचा. त्याच्या दातांच्या टोकांवर मॅग्नेटाइट असतं, म्हणजे चक्क लोहचुंबकाचं खनिज. तो शेवाळाबरोबर खडकाचा पातळ पापुद्राही खरवडतो. एकदा हे तोंड नीट पाहिलं की कुणाला कुठे कामाला लावायचं हे आपोआप कळू लागतं. पातळ थर खरवडणाऱ्या रॅड्युलाला बोटभर वाढलेलं केसाळ शेवाळ आवरत नाही.

माझी पहिली निवड नेहमी ट्रोकसच असते. ती उलटी पडली तर पाय वळवून स्वतःची स्वतः सुलटी होते. तिच्यासारखीच दिसणारी अ‍ॅस्ट्रिया बहुतेक वेळा तशीच पडून राहते, आणि वाळूवर उताणी पडलेली गोगलगाय खेकड्याच्या तावडीत सापडते. रोज सकाळी टाकीत हात घालून अ‍ॅस्ट्रिया सरळ करायची तयारी असेल तरच ती घ्यावी. टर्बो दांडगा, भूक मोठी. लांब शेवाळ तोच खातो, पण वाटेत चिकटवलेले प्रवाळांचे तुकडेही पाडत जातो. शिवाय बाजारात मिळणारा मेक्सिकन टर्बो कॅलिफोर्नियाच्या आखातातला. त्या आखाताच्या उत्तर भागात हिवाळ्यात पाणी वीस अंशांच्या खाली जातं. आपल्या मे महिन्यात चिलर लावूनही टाकी सव्वीस-सत्तावीस अंशांवर असते, तिथे तो झिजत जातो. सेरिथ लहान, रात्री फिरणारी, वाळूवर आणि फटींत काम करणारी. तिच्याबद्दल कुणी फार बोलत नाही, पण नव्या टाकीत मी ट्रोकसनंतर तीच सोडते.

नॅसेरियसचं काम वेगळंच. ती शेवाळ खात नाही. दिवसभर वाळूत गाडलेली असते, वर फक्त सोंडेसारखी नळी. पाण्यात कोळंबीचा तुकडा पडला की वास लागताच ठिकठिकाणी वाळू उसळते आणि गोगलगायीच्या मानाने अचाट वेगाने त्या धावत सुटतात. उरलंसुरलं मांसाहारी खाणं संपवायला यांच्यासारखं कुणी नाही. पण याच नावाखाली अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरची, थंड पाण्यातली चिखलगोगलगायही विकली जाते. ती आपल्या ऊबदार टाकीत टिकत नाही.

हर्मिट क्रॅब मी ठेवत नाही. ते शेवाळ खातात हे खरं, पण मोठा शंख हवा असला की जिवंत गोगलगायीला मारून तिचं घर घेतात. रिकामे शंख टाकून ठेवले तर हे कमी होतं, थांबत नाही. एमराल्ड क्रॅब बुडबुड्यांसारखं व्हॅलोनिया शेवाळ फोडून खातो म्हणून त्याला मी जागा देते. पेपरमिंट कोळंबी एप्टेशिया हे उपद्रवी समुद्रफूल खाऊन टाकते, पण तिच्या जागी कुबड असलेली, लाल-पांढऱ्या ठसठशीत पट्ट्यांची कॅमलबॅक घरी आली तर ती मऊ प्रवाळांवरच ताव मारते. पेपरमिंटच्या रेघा पुसट, उभ्या आणि अंग बरंचसं पारदर्शक. पिशवी बांधण्याआधी पाठ बघून घ्यावी.

वाळू चाळणारा तारामासा मात्र कुणीच घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. तो वाळू ‘स्वच्छ’ करतो म्हणजे वाळूतले किडे, बारीक शिंपले, जे जे जिवंत आहे ते सगळं खातो. वाळू जिवंत राहण्यासाठी जे हवं तेच हा संपवतो, आणि ते संपलं की घरच्या टाकीत हळूहळू उपाशी मरतो. सी हेअर या शेवाळखाऊ समुद्री गोगलगायीची गोष्ट थोडी निराळी. केसाळ शेवाळाने भरलेली टाकी तो भराभर मोकळी करतो, पण मग त्याच्यापुढे काहीच उरत नाही. तो घ्यायचा तर पुढच्या घराची सोय आधी करून घ्यावी : ज्याच्याकडे शेवाळ माजलंय त्याच्याकडे पाठवायचा, तिथून तिसऱ्याकडे. समुद्री काकडीचा प्रश्न भारतात उद्भवतच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळ्या समुद्री काकड्या आहेत, कठीण सांगाड्याचे प्रवाळही आहेत. हे प्राणी ठेवणं गुन्हा आहे, आणि विकणारा कितीही बेफिकीर असला तरी आपण बेफिकीर होऊ नये.

कॅरिबियन समुद्रातली एक घटना मी प्रत्येक नव्या टँकवाल्याला सांगते. १९८३ च्या जानेवारीत पनामाच्या किनाऱ्यावर डायडेमा अँटिलेरम हे लांब काळ्या काट्यांचे सी अर्चिन मरायला लागले. साधारण वर्षभरात ही साथ अख्ख्या कॅरिबियनमध्ये पसरली आणि नव्वद टक्क्यांहून जास्त अर्चिन गेले. जमैकात पॅरटफिश, सर्जनफिश असे शेवाळ खाणारे मासे माणसाने आधीच पकडून संपवत आणले होते. १९८० च्या अ‍ॅलन वादळाने प्रवाळ मोडले होते. त्यांच्या उजाड जागेवर शेवाळ चढू न देण्याचं काम एकट्या अर्चिनवर येऊन पडलं होतं, आणि तेच गेले. टेरी ह्यूज यांनी १९९४ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडलेला हिशोब असा, की सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जमैकाच्या रीफवर पन्नास टक्क्यांहून अधिक प्रवाळ होते, ते पाच टक्क्यांच्या खाली आले. सगळीकडे शेवाळ. अर्चिन होते तोवर वरवर सगळं ठीक दिसत होतं. किती तोंडं आधीच गळून गेली आहेत हे तेव्हा नजरेत भरत नव्हतं.

म्हणून एकाच जातीच्या वीस गोगलगायींपेक्षा चार जातींच्या थोड्या थोड्या मी जास्त पसंत करते. काच, खडकाचा वरचा भाग, फट, वाळू, प्रत्येक ठिकाणी वेगळी भूक हवी. एका जातीला उष्णता बाधली, एखादी पाठोपाठ मरत गेली, तरी बाकीच्या काम ओढून नेतात.

यांनी शेवाळ खाल्लं म्हणजे शेवाळाचं कारण संपलं, असं मात्र नाही. माशांना घातलेल्या खाण्यातून नायट्रेट आणि फॉस्फेट येतं, त्यावर शेवाळ वाढतं, गोगलगाय ते खाऊन विष्ठा टाकते, आणि त्यातलं बरंचसं पुन्हा पाण्यातच मिसळतं. ते टाकीबाहेर जातं मुख्यतः स्किमरच्या (फेस काढून टाकणाऱ्या यंत्राच्या) कपातून, पाणी बदलताना, किंवा आपण हाताने शेवाळ उपटून काढलं तर. लांब वाढलेलं शेवाळ आधी आपणच उपटावं, उरलेले खुंट गोगलगायींवर सोडावेत. लाल मखमली सायनो (सायनोबॅक्टेरियाचा थर) बहुतेक गोगलगायी खात नाहीत. आणि बुडबुडे धरणाऱ्या तपकिरी चिकट डायनोफ्लॅजलेटची लागण असेल तर ते खाऊन गोगलगायीच मरतात. अशा टाकीत त्या निपचित पडलेल्या दिसल्या, तर आणखी आणून काय होणार?

हाजी अलीला किंवा मरीन ड्राइव्हला ओहोटीत खडकांवर एवढ्या गोगलगायी दिसतात, त्याच का आणू नयेत, असं अनेक जण विचारतात. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या नेराइटसारख्या जातींना पाण्याबाहेर चढायची सवय असते. रात्री त्या काठावरून बाहेर येतात आणि सकाळी कपाटामागे सापडतात. त्याच खडकांवर कालवांना भोक पाडून आतलं मांस खाणारे शंखही राहतात, आणि नवख्या डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. त्या खडकांनाही चरणारी तोंडं हवीच आहेत. ओहोटीत जावं, वाकून बघावं, दगड उचलला तर होता तसाच परत ठेवावा.

दुकानात मी काचेला चिकटलेली गोगलगायच मागते, तळाला पडलेली नाही. हातात घेऊन पायाला हलकंच बोट लावते. निरोगी असेल तर झटकन आत ओढून घेते. ढिली लोंबत राहिली तर परत ठेवते. वास घेते, कारण मेलेल्या शंखाचा वास लपत नाही. त्या दुकानात खाऱ्या पाण्याच्या माशांवर तांब्याचं औषध चालतं का, हेही विचारते. तांबं या जिवांना विषच. घरी आल्यावर खरी सबुरी लागते. आपल्या शरीरातलं मीठ सांभाळायची यंत्रणा गोगलगायीत जवळजवळ नसते. बाहेरच्या पाण्याची क्षारता एकदम बदलली तर ती त्या दिवशी ठीक दिसते आणि पुढच्या काही दिवसांत मरते. म्हणून बादलीत ठेवून बारीक नळीने थेंबथेंब टाकीतलं पाणी सोडायचं, तास-दीड तास. मग एकेक करून शेवाळ असेल तिथेच ठेवायची, पाय खाली करून.

नंतर महिनाभर नवीन काही आणायचं नाही. काच रोज न पुसता एक बाजू मुद्दाम तशीच ठेवायची आणि तिच्यावरच्या नागमोडी रेघा बघायच्या. रेघांच्या मध्ये हिरवं उरत असेल, तर आणखी दोन तोंडांना जागा आहे. काहीच उरत नसेल, तर बिनमिठाची, बिनमसाल्याची नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा कागद) घ्यायची, तिची पट्टी दगडाला रबरबँडने बांधायची आणि दिवे मालवल्यावर तळाशी ठेवायची. दुसऱ्या दिवशी उरलेला तुकडा आठवणीने काढून टाकायचा.