आकडा हलला, पण मत हलले का?

अमेरिकेत दर चार वर्षांनी नोव्हेंबर महिन्यात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होते आणि तिच्या आधीचे जवळजवळ वर्षभर त्या देशात जनमत चाचण्यांचा पाऊस पडत असतो. आज एक उमेदवार चार टक्क्यांनी पुढे, आठवड्याभराने दुसरा दोन टक्क्यांनी पुढे, आणि प्रत्येक चढउतारामागे एखादे भाषण, एखादी चूक किंवा एखादी जाहिरात कशी कारणीभूत आहे याचे विवेचन तयार. आपल्या राष्ट्रपतींची निवड संसदेचे व विधानसभांचे निर्वाचित सदस्य करतात, त्यामुळे त्या पदासाठी घरोघर जाऊन कल विचारण्याचा प्रश्न आपल्याकडे येत नाही. परंतु लोकसभा व विधानसभा निवडणुकांच्या निमित्ताने ही भाषा आपल्याही अंगवळणी पडली आहे.

मला या चाचण्यांमध्ये रस आहे तो कोण जिंकणार एवढ्यापुरता नाही. शासकीय सेवेतील माणसाचे आयुष्य आकड्यांच्या सोबतीने जाते. दरमहा येणाऱ्या विवरणपत्रातील आकडा मागच्या महिन्यापेक्षा वर गेला की खाली आला, यावर बैठका होतात, कोणाला शाबासकी मिळते, कोणाकडून खुलासा मागवला जातो. आकडा हलला म्हणजे त्याच्यामागील वस्तुस्थितीही हलली, हे आपण न बोलता गृहीत धरलेले असते. हे गृहीतक कितपत टिकते ते तपासायचे, तर अमेरिकेतील चाचण्यांच्या इतिहासासारखे दुसरे साधन नाही. कारण तेथे प्रत्येक अंदाजाची परीक्षा ठरलेल्या दिवशी, सर्वांच्या देखत होते. प्रशासनातील बहुतेक आकड्यांना असा परीक्षेचा दिवस कधी उजाडतच नाही.

या इतिहासातील पहिला धडा १९३६ सालचा. ‘लिटररी डायजेस्ट’ या प्रतिष्ठित साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना टपालाने नमुना मतपत्रिका पाठवल्या. सुमारे २३ लाख परत आल्या. त्यांच्या आधारे साप्ताहिकाने रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन यांना ५७ टक्के मते मिळतील असे जाहीर केले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांना जवळपास ६१ टक्के मते मिळाली आणि लँडन यांच्या वाट्याला मेन व व्हरमाँट ही दोनच राज्ये आली. जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून रूझवेल्ट यांच्या विजयाचे भाकीत केले होते, ते खरे ठरले. डायजेस्टचे पत्ते मुख्यतः दूरध्वनीधारक आणि मोटारमालक यांच्या याद्यांतून घेतलेले होते. मंदीच्या त्या काळात हा वर्ग खाऊनपिऊन सुखी होता. हे कारण बहुतेक पाठ्यपुस्तकांत सापडते. दुसरे कारण तितकेच महत्त्वाचे, पण कमी सांगितले जाते. ज्यांना मतपत्रिका मिळाल्या, त्यांपैकी रूझवेल्ट यांच्या विरोधकांनी त्या अधिक उत्साहाने भरून पाठवल्या, असे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. यादी सदोष होतीच, पण तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांचे मौनही सदोष यादीइतकेच दिशाभूल करणारे ठरले.

दुसरा धडा १९४८ चा, आणि तो खुद्द गॅलप यांनाच मिळाला. हॅरी ट्रूमन हरणार, थॉमस ड्युई जिंकणार, याबद्दल चाचणीकारांना इतकी खात्री होती, की एल्मो रोपर यांनी सप्टेंबरमध्येच आपले काम आटोपते घेतले. गॅलप यांच्याही शेवटच्या मुलाखती मतदानाच्या बऱ्याच आधी संपल्या. मधल्या काळात ट्रूमन रेल्वेने देशभर फिरत राहिले, लोक मन बनवत राहिले आणि ट्रूमन साडेचार टक्क्यांच्या आघाडीने निवडून आले. येथे मते खरोखर हलली होती, पण मोजणारे घरी गेले होते.

मते खरोखर हलल्याची आणखी उदाहरणे आहेत. १९७६ मध्ये पक्षाच्या अधिवेशनानंतर जिमी कार्टर गॅलपच्या चाचणीत ३३ टक्क्यांनी पुढे होते. नोव्हेंबरमध्ये ते कसेबसे दोन टक्क्यांनी जिंकले. १९८८ च्या जुलैमध्ये मायकेल डुकाकिस १७ टक्क्यांनी आघाडीवर होते. निवडणूक जॉर्ज बुश यांनी जवळपास आठ टक्क्यांनी जिंकली. नवा उमेदवार लोकांना हळूहळू कळत जातो, उन्हाळ्यातले कौतुक पानगळीपर्यंत टिकत नाही, हे समजण्यासारखे आहे. म्हणून प्रत्येक चढउतार खोटा, असे म्हणणे बरोबर होणार नाही. खरा हेलकावा आणि भासमान हेलकावा यांतील फरक ओळखायचा कसा, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे सर्वांत उद्बोधक उत्तर २०१२ च्या निवडणुकीने दिले. त्या सप्टेंबरमध्ये ‘प्यू’ या नामांकित संशोधन संस्थेच्या चाचणीत बराक ओबामा ५१ विरुद्ध ४३ असे पुढे होते. ३ ऑक्टोबरला डेन्व्हर येथे ओबामा आणि मिट रॉम्नी यांची पहिली जाहीर वादचर्चा झाली. ओबामा त्या दिवशी निष्प्रभ वाटले, यावर जवळजवळ एकमत होते. काही दिवसांतच त्याच संस्थेच्या पुढील चाचणीत रॉम्नी ४९ विरुद्ध ४५ असे पुढे गेले. तीन-चार आठवड्यांत १२ टक्क्यांचा फेर! महिन्याच्या मध्यावर गॅलपने तर रॉम्नी यांना सात टक्क्यांची आघाडी दिली. आणि ६ नोव्हेंबरला ओबामा जवळपास चार टक्क्यांनी जिंकले. मग ऑक्टोबरमध्ये लाखो अमेरिकनांनी एकदा मत बदलले आणि पुन्हा जागेवर आणले, असे समजायचे काय?

अँड्र्यू गेलमन, शरद गोएल, डग्लस रिव्हर्स आणि डेव्हिड रॉथ्सचाइल्ड या अभ्यासकांनी याचा छडा लावला. त्यांच्याकडे एक विचित्र साधन होते. ‘एक्सबॉक्स’ या खेळयंत्रावर निवडणुकीपूर्वीच्या ४५ दिवसांत रोज घेतलेली चाचणी. उत्तरे देणाऱ्यांत ९३ टक्के पुरुष आणि ६५ टक्के तिशीच्या आतले. म्हणजे देशाचे प्रतिनिधित्व करण्याच्या दृष्टीने हा नमुना डायजेस्टच्या यादीइतकाच वाकडा. पण त्यात दोन गुण होते. तीच माणसे पुन्हा पुन्हा उत्तरे देत होती, आणि प्रत्येकाचे वय, शिक्षण, पक्षनिष्ठा ही माहिती सुरुवातीलाच नोंदवलेली होती. लोकसंख्येतील प्रत्येक गटाचे खरे प्रमाण लक्षात घेऊन त्यांनी ही उत्तरे नव्याने तोलली, तेव्हा डेन्व्हरनंतरचा कोसळता आलेख बराचसा सपाट झाला. ओबामांच्या समर्थकांपैकी फारच थोड्यांनी पक्ष बदलला होता. बहुतेकांनी केवळ उत्तर देणे सोडले होते. आपला माणूस हरल्यासारखा दिसत असताना त्याच्याविषयी बोलण्याची कोणाला हौस असते? त्याच वेळी रॉम्नींचे समर्थक उत्साहाने बोलत होते. मते जवळजवळ तीच राहिली, बोलणारे बदलले.

यात अंकगणिताची आणखी एक बाब मिसळते. हजार माणसांच्या यादृच्छिक नमुन्यात एका उमेदवाराच्या टक्केवारीला साधारण तीन टक्के कमी-अधिक अशी मर्यादा असते, हे चाचणीच्या तळटीपेत लिहिलेले असते. पण दोन उमेदवारांतील अंतराला ती मर्यादा जवळपास दुप्पट लागू होते, हे कोणी लिहीत नाही. म्हणजे चार टक्क्यांची आघाडी पुढच्या चाचणीत दोन टक्क्यांची पिछाडी झाली, तरी वस्तुस्थितीत तसूभरही बदल झालेला नसणे शक्य आहे. त्यावर आधारलेला अग्रलेख मात्र बदललेला असतो.

आता हे सारे आपल्या कार्यालयात आणून पाहू. उत्तर बिहारमधील एका नदीकाठच्या जिल्ह्यात मी काम करीत असतानाची गोष्ट आहे. तेथे आठवड्यातून एकदा जनता दरबार भरे आणि आलेल्या अर्जांची संख्या मासिक आढाव्यात मांडली जाई. एका पावसाळ्यात ही संख्या सलग दोन महिने घसरली. आढावा बैठकीत तक्रारी घटल्याबद्दल समाधान व्यक्त झाले आणि कार्यवृत्तात तसे नोंदवण्याचे ठरले. मी अर्जांची गावनिहाय यादी मागवली. आमच्या बडे बाबूंनी ती समोर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, “सर, दियारातल्या गावांचा एकही अर्ज नाही. तिकडे नाव चालू नाही.” दियारा म्हणजे नदीच्या पात्रालगतचा, पाणी चढले की तुटणारा भाग. धान्य, औषध आणि जनावरांचा चारा यांची सर्वाधिक ओढ ज्या गावांना त्या दिवसांत होती, नेमकी तीच गावे आमच्या आकड्यातून नाहीशी झाली होती. जिल्हा मुख्यालयाजवळच्या गावांतील अर्ज पूर्वीइतकेच होते. तक्रारी घटल्या नव्हत्या, तक्रारदारांची वाट बंद झाली होती. कार्यवृत्तातील वाक्य बदलले गेले आणि त्या गावांकडे नावेतून पथक गेले. परत येताना त्यांनी आणलेले अर्ज दोन महिन्यांच्या घसरणीपेक्षा जास्त भरले.

डेन्व्हर आणि दियारा यांत अंतर फार आहे, पण आकड्याने केलेली फसवणूक एकाच जातीची आहे. अमेरिकेत निराश समर्थक फोन उचलत नाही. आपल्याकडे निराश नागरिक अर्ज लिहिणे सोडतो. दोन्ही ठिकाणी सर्वांत अधिक त्रस्त माणूस आकड्यातून आधी गळतो, आणि आकडा सुधारलेला दिसतो.

आपल्या देशाला हे ठाऊक नव्हते असे नाही. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, तिच्या मागे प्रशांतचंद्र महालनोबिस यांची दृष्टी होती. एकाच प्रदेशात दोन स्वतंत्र उपनमुने काढून ते वेगवेगळ्या पथकांकडे सोपवायचे आणि दोघांची उत्तरे ताडून पाहायची, ही पद्धत त्यांनी रूढ केली. दोन पथकांच्या उत्तरांत मोठी तफावत पडली, तर ती गावाविषयी काही सांगण्यापूर्वी मोजणीविषयी सांगते. मोजणाऱ्यावरही मोजपट्टी लावण्याची ही शिस्त आपल्या मातीत सत्तर वर्षांहून जुनी आहे. रोजच्या आढावा बैठकीपर्यंत ती झिरपलेली नाही, एवढेच.

अमेरिकेतील चाचणीकारांची वाट २०१२ नंतर सोपी झालेली नाही. प्यूच्या दूरध्वनी चाचण्यांना १९९७ मध्ये ३६ टक्के लोक प्रतिसाद देत. २०१८ पर्यंत हे प्रमाण सहा टक्क्यांवर आले. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया ही राज्ये मिळून ७८ हजारांहून कमी मतांच्या फरकाने जिंकली आणि निवडणूक जिंकली. चाचणीकारांच्या संघटनेने नेमलेल्या समितीला दोन्ही प्रकारची कारणे सापडली. काही मतदारांनी अखेरच्या आठवड्यात खरोखर मन ठरवले होते. आणि अनेक राज्यांतील चाचण्यांनी शिक्षणाच्या फरकाचा हिशेब केला नव्हता, पदवीधर मात्र उत्तरे द्यायला अधिक राजी होते. २०२० मध्ये शिक्षणाचा हिशेब करूनही चूक चाळीस वर्षांतील सर्वांत मोठी निघाली. २०२४ मध्ये जो बायडेन यांनी जुलैत माघार घेतली, कमला हॅरिस उमेदवार झाल्या, आणि शेवटी चाचण्या जवळपास बरोबरी दाखवीत राहिल्या. ट्रम्प दीड टक्क्याच्या आघाडीने, पण सातही अटीतटीची राज्ये घेऊन जिंकले. आपल्याकडे त्याच वर्षी मतदानोत्तर चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेच्या आसपास किंवा त्याहून अधिक जागा दिल्या होत्या, मिळाल्या २९३.

आपल्या कायद्याने यावर एक बंधन घातले आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम १२६ अ नुसार मतदानाचे सर्व टप्पे संपेपर्यंत मतदानोत्तर चाचण्या प्रसिद्ध करता येत नाहीत. मतदाराला आकड्यांच्या दबावापासून वाचवणारी ही तरतूद योग्यच आहे. परंतु प्रशासकाला आकड्यांपासून वाचवणारे कलम कोठेच नाही. ते त्याने स्वतःच स्वतःसाठी लिहावे लागते.

मी माझ्यापुरते ते तीन प्रश्नांत लिहून ठेवले आहे, आणि तरुण सहकाऱ्यांनाही देत असतो. आकडा हलला, तर आधी विचारावे: मागच्या वेळी ज्यांनी उत्तर दिले, तेच या वेळीही बोलले आहेत काय? जे गप्प झाले, ते कोठे राहतात, काय करतात, त्यांच्यापर्यंत वाट आहे काय? आणि हा बदल मोजणीच्या स्वाभाविक चढउताराहून मोठा आहे काय? या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावरच कारणांची चर्चा सुरू करावी. कधी कधी उत्तर असे येईल, की लोकांचे मत खरोखर बदलले आहे; तेव्हा १९४८ च्या चाचणीकारांसारखे काम आटोपून घरी जाऊ नये.

निवडणुकीत गप्प राहिलेल्या माणसाकडे निदान एक दिवस असतो. त्या दिवशी तो रांगेत उभा राहतो आणि सर्व आलेख खोटे पाडू शकतो. शासकीय योजनांच्या विवरणपत्रातून गळलेल्या माणसाकडे असा दिवस नसतो. त्याची मोजदाद झाली नाही, तर ती चूक दाखवून देणारा निकाल कधीच लागत नाही. म्हणूनच पुढच्या बैठकीत एखादा आकडा सुधारल्याचे सांगितले जाईल, तेव्हा टाळ्यांपूर्वी गावनिहाय यादी मागवावी, आणि तिच्यात जे गाव नाही त्या गावाला आधी जावे.