विष्णुपुरीच्या माळावरची प्रयोगशाळा

एप्रिलमधल्या दुपारी विष्णुपुरीच्या माळावर ऊन थेट डोळ्यांत शिरतं. खाली शंकरसागरात अडवलेलं गोदावरीचं पाणी, वर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची संकुलं. अशा उन्हात रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक म्हणजे कसोटीच. खिडकी उघडावी तर बर्नरची ज्योत विझते, लावून घ्यावी तर आम्लाचा वास घशाशी येतो. दिवसभर तापलेला स्लॅब दिवेलागणीनंतरही धग सोडत राहतो.

गारवा म्हटलं की आपल्याकडे माळवदाची आठवण निघते. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, वर पांढऱ्या मातीचा जाड थर आणि रुंद दगडी भिंती. आत वैशाखही सुसह्य व्हायचा. पण त्याच मातीचा भार किल्लारीच्या भूकंपात माणसांवर कोसळला. 30 सप्टेंबर 1993ची ती पहाट. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यानंतर वर्ष भरायच्या आत, 17 सप्टेंबर 1994ला, हे विद्यापीठ स्थापन झालं आणि किल्लारीचा लातूर जिल्हा त्याच्या कक्षेत आला. इथल्या विज्ञानाच्या इमारतीची सुधारणा नि वाढ करताना हे विसरून चालणार नाही. गारवा हवा, पण वजनाविना. पोकळ विटांच्या भिंती, पश्चिमेला खोल छज्जे, गच्चीवर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी. वाढीव मजला चढवायचा तो जुने खांब नि पाया तपासून, गरज पडली तर त्यांना पोलादाची जोड देऊन. धडधाकट सांगाडा पाडून नवा ओतणं मला पटत नाही. त्यातलं सिमेंट नि लोखंड एकदा भट्टीतून निघालेलं आहे; त्यासाठी पुन्हा भट्टी कशाला पेटवायची?

पाणी वाया जाणं मात्र मला सगळ्यात जास्त लागतं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. घागरी घेऊन बाया टँकरपुढं रात्र रात्र उभ्या होत्या. आणि प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातित पाणी करताना काय होतं? वाफ थंड करणाऱ्या काचेच्या नळीभोवती नळाचं पाणी अखंड फिरतं आणि कोमट होऊन मोरीत जातं. लिटरभर शुद्ध पाण्यापायी त्याच्या कैक पट चांगलं पाणी वाया. एक टाकी नि एक छोटा पंप बसवला, तर तेच पाणी निवून पुन्हा फिरेल. गच्चीवरचा पाऊस त्या टाकीत उतरवावा. आम्लाच्या बेसिनांची नळी वेगळी काढून तिच्या पाण्यातलं आम्ल आधी चुन्यानं मारावं, मगच ते पुढं सोडावं.

या कामाचा आराखडा मुंबई-पुण्याहून येण्याआधी भौतिकशास्त्राच्या पोरापोरींना कामाला लावावं. प्रत्येक खोलीच्या छताखाली तापमापक टांगावेत, होळीपासून मृगापर्यंत तासातासाला नोंद घ्यावी, मोरीत जाणारं पाणी बादलीनं मोजावं. ती वही वास्तुविशारदाच्या टेबलावर ठेवावी आणि पहिली बैठक एप्रिलमध्ये, दुपारी, त्याच प्रयोगशाळेत पंख्याविना घ्यावी.